४७ गुणांचा कंटाळा

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा सारांश देत आहे.

ताईंचं वय ३४. एका खासगी संस्थेच्या शाळेत त्या लिपिक आहेत. पती कृषी सेवा केंद्रात कामाला, घरी सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. त्यांची भाची छत्रपती संभाजीनगरला मानसशास्त्रात एम. ए. करते. मार्चमध्ये तिने प्रोजेक्टसाठी मावशीकडून आठ वाक्यांची एक प्रश्नावली भरून घेतली. प्रत्येक वाक्यापुढे १ ते ७ पैकी एका आकड्याला गोल करायचा. बेरीज आली ५६ पैकी ४७. भाची म्हणाली, "मावशी, तुझी कंटाळ्याची प्रवृत्ती खूपच जास्त आहे."

त्या लिहितात, "घरात मला आधीच धरसोड म्हणतात. पार्लरचा कोर्स अर्धा राहिला, डी. एड. केलं पण त्याचं काही झालं नाही, शिवणकाम वर्षभर केलं आणि सोडलं. सासूबाई म्हणतात, 'आम्ही दिवस दिवस कापूस वेचला, आम्हाला कुठं बोर झालं?' आता तर ते कागदावरच आलं. शाळेत दिवसभर पोर्टलवर माहिती भरते, जीव नको होतो. फक्त गॅदरिंगच्या आठवड्यात रात्री नऊ-दहापर्यंत शाळेत असते तेव्हा काही वाटत नाही, पण ते वर्षातून एकदाच. नणंद म्हणते, नोकरी सोड, आपण भागीत शाळांच्या गणवेशाचं काम घेऊ. पण माझा स्वभावच असा असेल तर तिथंही सहा महिन्यांत कंटाळणार. मग तिचे पैसे कशाला बुडवू? आणि मुलगी सुट्टीत दिवसातून दहा वेळा 'आई, बोर होतंय' म्हणते. हे तिच्यात माझ्याकडूनच आलं का? तिचीही चाचणी करून घेऊ का?"

ताई,

गॅदरिंगचं वाक्य तुम्ही 'फक्त' म्हणून बाजूला सारलंत, पण तुमच्या सगळ्या पत्रात मला तेच सर्वांत मोलाचं वाटलं. त्याकडे मी येणारच आहे. आधी त्या ४७ बद्दल बोलू, कारण तुम्ही त्या आकड्याला जेवढा अधिकार दिला आहे तेवढा तो तयार करणाऱ्यांनीही दिलेला नाही.

रिचर्ड फार्मर आणि नॉर्मन संडबर्ग या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली कंटाळ्याची प्रवृत्ती मोजण्यासाठी २८ वाक्यांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. सुरुवातीला तिची उत्तरं 'बरोबर' किंवा 'चूक' अशी होती, पुढे १ ते ७ अशी श्रेणी आली. नंतरच्या अभ्यासकांनी त्या २८ वाक्यांची छाननी केली तेव्हा त्यात एकापेक्षा जास्त गोष्टी मिसळलेल्या आढळल्या. दोन गोष्टी मात्र पुन्हा पुन्हा समोर आल्या. एक, बाहेरून सतत काही नवं, चमचमीत मिळावं लागतं का? आणि दुसरी, बाहेर काहीच नसताना माणूस स्वतःला रमवू शकतो का? बाकी किती पदर आहेत यावर कुणाचं एकमत होईना. शेवटी २०१७ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जेम्स डँकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आठ वाक्यांवर आणली. तुमच्या भाचीने वापरली ती बहुधा हीच.

या आठ वाक्यांचे कमीत कमी गुण ८ येतात, शून्य येत नाहीत. सगळीकडे मधला ४ निवडला तर बेरीज ३२ होते. तुमची ४७ म्हणजे प्रत्येक वाक्याला सरासरी जवळजवळ ६. जास्त आहेत, हे खरं. पण इतक्या गुणांच्या वर गेलं की आजार, किंवा इतक्यांच्या वर गेलं की स्वभावात खोट, अशी रेघ या प्रश्नावलीत मारलेलीच नाही. मनोविकारांच्या याद्यांमध्ये कंटाळ्याची प्रवृत्ती नावाचा आजारही नाही. ही प्रश्नावली घडली ती तिकडच्या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणांच्या उत्तरांवर. शाळा, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं आणि एक दिवसाआड येणारं नळाचं पाणी सांभाळणाऱ्या बाईची उत्तरं त्यांच्या सरासरीशेजारी ठेवून काय निष्कर्ष काढायचा, याचा विचार फार सावकाशीने करावा लागतो.

असल्या प्रश्नावल्यांचं खरं काम असतं गटांची तुलना करण्याचं. शेकडो लोकांकडून त्या भरून घ्यायच्या आणि जास्त गुणवाल्यांमध्ये झोप, राग, लक्ष विचलित होणं, जुगार असलं काही जास्त आढळतं का ते पाहायचं. त्या कामासाठी त्या चांगल्या आहेत. एका माणसाचं पुढचं आयुष्य सांगण्यासाठी त्या बनवलेल्या नाहीत. तुमच्या भागात पावसाची नोंद महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर होते. ६५ मिलिमीटरच्या पुढे गेला की अतिवृष्टी. पण तो आकडा तुमच्या शिवारातलं पाणी मुरलं की वाहून गेलं, हे सांगत नाही. तुमच्या ४७ चं तसंच आहे.

आता भाचीला फोन करून तुमचा भरलेला कागद मागवून घ्या. बेरीज विसरा आणि एकेक वाक्य पाहा.

त्यात एक वाक्य साधारण अशा अर्थाचं असतं: मला करावी लागणारी बरीच कामं तीच ती आणि रटाळ असतात. तुम्ही तिथे ७ ला गोल केला असणार, आणि तो अगदी प्रामाणिक गोल आहे. यू-डायस या सरकारी पोर्टलवर चारशे मुलांची माहिती भरायची. दाखल-खारीज रजिस्टरमधलं नाव आणि आधारवरचं नाव यात एका अक्षराचा फरक निघाला की पालकाला बोलवायचं. तो येईपर्यंत मुदत संपत आलेली असते आणि सर्व्हरचं चक्र फिरत बसलेलं असतं. हे काम रटाळ आहे असं जी बाई लिहिते ती स्वतःच्या स्वभावाबद्दल काहीच सांगत नाही, ती कामाबद्दल सांगते. बेरजेत मात्र ते सातही गुण तुमच्या 'प्रवृत्ती'च्या खात्यात जमा झाले.

दुसरं एक वाक्य असतं स्वतःचं मन रमवणं अवघड जातं का, याबद्दल. तिथे तुम्ही काय लिहिलंत? तिथे ३ किंवा ४ असेल तर तुमचं चित्र वेगळं, आणि ७ असेल तर वेगळं. तिसरं वाक्य असतं, काही थरारक, प्रसंगी धोक्याचंही केल्याशिवाय मरगळल्यासारखं वाटतं का. एकच बेरीज असलेल्या दोन बायकांचे गोल अगदी निरनिराळ्या वाक्यांवर असू शकतात. एकीला नवं काही हवं असतं, दुसरीला मोकळा श्वास हवा असतो.

आणखी एक बारीक गोष्ट. त्या आठ वाक्यांमध्ये उलटं वाक्य एकही नाही, सगळी एकाच दिशेची आहेत. थकलेला माणूस अशा कागदावर वरून खाली ६, ७, ६, ७ करत जातो. तुम्ही तो मार्चमध्ये भरलात. शाळेच्या ऑफिसात मार्च म्हणजे काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. प्रश्न 'एरवी, साधारणपणे तुम्ही कशा आहात' असा असला तरी उत्तर देणारी बाई त्या दिवसातच बसलेली असते. म्हणूनच त्या क्षणीचा कंटाळा मोजायला वेगळी प्रश्नावली लागते. मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अशी २९ वाक्यांची एक प्रसिद्ध केली. तिच्यात वेळ सरत नाही असं वाटणं, लक्ष न लागणं, चुळबुळ आणि मरगळ हे वेगवेगळं मोजतात. याशिवाय थरार शोधण्याच्या वृत्तीवर काम करणारे मार्विन झुकरमन यांच्या प्रश्नावलीतही कंटाळ्याचा एक भाग आहे. तिथे भर आहे तो तोचतोचपणा आणि ठरावीक साच्याची माणसं किती नकोशी वाटतात यावर. तिचे निकाल आणि कंटाळ्याच्या प्रवृत्तीच्या प्रश्नावलीचे निकाल एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. 'कंटाळा मोजला' असं कुणी म्हणालं तर कशाने मोजला आणि नेमका कोणता मोजला, हे विचारायला अजिबात संकोचू नका.

स्वभाव आणि परिस्थितीबद्दल एक मोठा अभ्यास तुम्हाला सांगावासा वाटतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमेरिकेतल्या सुमारे ३,९०० प्रौढांना फोनवर दर अर्ध्या तासाला विचारलं गेलं की आत्ता काय करताय आणि काय वाटतंय. तरुण, अविवाहित आणि कमी उत्पन्न असलेल्यांमध्ये कंटाळा जास्त आढळला. पण या गटांमधल्या फरकाचा एक-तृतीयांशापर्यंत भाग निव्वळ एवढ्यानेच उलगडत होता की ही माणसं आपला वेळ कुठे आणि कशात घालवतात. आपण 'तिचा स्वभावच तसा' म्हणतो तेव्हा तिचा दिवस कसा जातो, हे विचारायचं राहून जातं.

तुमच्या धरसोडीबद्दलही मला तेच म्हणायचं आहे. पार्लरचा कोर्स अर्धा राहिला, असं तुम्ही लिहिता. पत्रात पुढे एका ओळीत लिहिलंय की तेव्हा तुम्हाला पाचवा महिना होता आणि केमिकलच्या वासाने उलट्या व्हायच्या. डी. एड. 'करून काही झालं नाही' म्हणता. २०१२ नंतर महाराष्ट्रात शिक्षकभरती कित्येक वर्षं जवळजवळ थांबली होती आणि मराठवाड्यात डी. एड. झालेली मुलं-मुली घरोघर बसून होती. शिवणकाम सोडलंत, कारण ही नोकरी लागली. या तिन्हीत कंटाळून सोडलेलं एकही काम नाही. घरच्यांनी एक शब्द लावला, तुम्ही तो मान्य केलात, आणि आता ४७ गुणांनी त्याच्यावर सही केल्यासारखं तुम्हाला वाटतंय. ती सही मला मान्य नाही.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मी हलक्यात घेणार नाही. कापूस वेचणं हे पोर्टलइतकंच तेच ते काम. पाठ मोडते, बोटं सोलतात. पण सोबतीला दोन-चार जणी असतात. बोलणं असतं, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं. संध्याकाळी वजन होतं आणि किती किलो वेचला ते समोर दिसतं. त्यांना कधीच कंटाळा आला नसेल असं मी धरून चालत नाही. तो बोलून दाखवायची सोय नव्हती, हेही तितकंच शक्य आहे. त्यांनाच एकदा निवांत विचारा की दिवस कसा सरायचा. खिजवण्यासाठी नाही, खरोखर ऐकण्यासाठी. तुमच्या ऑफिसात काय नाही ते त्यांच्या उत्तरातून कळेल, असं मला वाटतं.

कारण तोचतोचपणा हे कंटाळ्याचं एकच कारण आहे. ईस्टवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली कंटाळ्याची जी मांडणी केली तिचा आशय असा: मनापासून काही करावंसं वाटतं, पण मन त्यात गुंतू शकत नाही, आणि हे न जमणं टोचत राहतं. यात इच्छा शाबूत आहे, हे लक्षात घ्या. ती टोचणी साधी नसते. २०१४ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. माणसांना १५ मिनिटं एका रिकाम्या खोलीत एकटं बसवलं. हाताशी फक्त एक बटण होतं, दाबलं की विजेचा सौम्य पण त्रासदायक झटका बसायचा. आधी ज्यांनी 'हा झटका टळावा म्हणून मी पैसे देईन' असं सांगितलं होतं, त्यांच्यातल्या १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी त्या वेळात स्वतःहून बटण दाबलं. तेव्हा तुमचा जीव नको होतो त्याला कुणी 'सुख टोचतंय' म्हटलं तर ते मनाला लावून घेऊ नका.

आता गॅदरिंग. त्या आठवड्यात तुम्ही नेमकं काय करता? पत्रात आहे: नाचांचे क्रम लावता, पोरींच्या साड्यांना पिना लावता, माईकवाल्याशी भांडता, बक्षिसांची यादी करता. म्हणजे माणसं आहेत, निर्णय तुमचा आहे, आणि केलेलं संध्याकाळी डोळ्यांसमोर उभं राहतं. स्वभावानेच कशात न रमणारी बाई रात्री दहापर्यंत अशी रमत नाही.

म्हणून एक करा. दोन आठवडे एक छोटी वही जवळ ठेवा. कंटाळा आला की वेळ, त्या वेळी काय चाललं होतं, शेजारी कुणी होतं का, आणि त्याऐवजी काय करावंसं वाटत होतं, एवढंच लिहा. आणि मन लागलं तेव्हाही लिहा, हे बहुतेक जण विसरतात. शेवटी त्या नोंदी वाचाल तेव्हा भाचीच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त कळेल. हे पत्र वाचणाऱ्या आणि स्वतःला 'मला कशातच इंटरेस्ट नाही' म्हणणाऱ्या इतरांनीही ही वही करून पाहावी. मोबाइलवरच्या दहा प्रश्नांच्या चाचण्या त्याआधी बाजूला ठेवाव्यात.

वहीत एक गोष्ट दिसली तर मात्र थांबायचं. काय करावंसं वाटतं, या रकान्यात सलग दोन आठवडे 'काहीच नाही' येत असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप-भूक बिघडली असेल, स्वतःबद्दल फार वाईट विचार येत असतील, तर तो नुसता कंटाळा नसेल. कंटाळ्याचे जास्त गुण आणि नैराश्य बऱ्याचदा हातात हात घालून आढळतात. कशामुळे काय होतं, हे प्रश्नावलीवरून सांगता येत नाही. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जाल तेव्हा रक्त आणि थायरॉइडही तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला मरगळीचं खापर मनावर फोडायची सवय लागते.

नणंदेच्या कामाबद्दल. तिथेही मी कंटाळेन का, या तुमच्या प्रश्नाला ४७ हे उत्तर नाही, पण प्रश्न रास्त आहे. गणवेशाचं काम बाहेरून वेगळं दिसतं. आत गेल्यावर एकाच मापाचे, एकाच रंगाचे शर्ट येतात. कॉलर, खिसा, काज, बटण, दोरे कापणं, घडी, मापाप्रमाणे गठ्ठे. एप्रिल ते जूनमध्ये रात्री जागायच्या आणि नंतर बिलासाठी संस्थेच्या पायऱ्या झिजवायच्या. तुम्ही मशीनवर बसलात तर पोर्टल सोडून दुसरं पोर्टल गळ्यात घेतल्यासारखं होईल, अशी मला भीती वाटते. पण शाळांशी बोलणं, मापं घेणं, नमुना ठरवणं, शिवणाऱ्या बायकांना कामं वाटून देणं, वेळेत माल पोचवणं, हे सगळं तुमच्या गॅदरिंगच्या आठवड्यासारखं आहे. नणंदेशी बोलताना आधी हे ठरवा की कोणता भाग कुणाचा. पैशाचं त्यानंतर.

आणि नोकरी आत्ताच सोडू नका. या हंगामात एका छोट्या शाळेचे किंवा एकाच वर्गाचे वीस-पंचवीस गणवेश घ्या. तुमच्या स्वतःच्या शाळेचे घेऊ नका, उद्या कुणी बोट दाखवेल. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी जमेल तेवढंच करा. पैसे हातात येईपर्यंतचा पूर्ण फेरा होऊ द्या. त्यात कुठे मन लागलं आणि कुठे घड्याळाकडे पाहिलं, ते वहीत येईलच. मग सोडायचं ठरलं तर घरखर्चाचे सहा महिने बाजूला काढून, भागीदारी कागदावर लिहून सोडा. नणंद घरची आहे म्हणूनच लिहा.

मधल्या काळात शाळेतही थोडं हलवता येईल. मुख्याध्यापकांना विचारा की सहलीचं, विज्ञान प्रदर्शनाचं, पालकसभेचं नियोजन तुमच्याकडे देता येईल का. काम वाढेल, हे मला कळतं. पण जे काम वाढेल ते तुमच्या पिंडाचं असेल. पोर्टल सर्व्हर हलका असतो त्या सकाळच्या वेळेत सलग उरका, दिवसभर तुकड्या-तुकड्याने त्याच्याशी झुंजू नका.

मुलीचं शेवटी घेतलं, कारण तिथे मला शंका नाही. तिची चाचणी करू नका. ही प्रश्नावली मोठ्यांसाठी आहे, नऊ वर्षांच्या मुलीने तिच्यावर गोल करण्याला काहीच अर्थ नाही. तिच्यासमोर 'माझ्यावर गेली' असंही म्हणू नका. तुम्हाला एक शब्द घरच्यांनी चिकटवला आणि तो निघायला किती वर्षं लागतायत ते तुम्ही पाहताच आहात. उन्हाळ्यात शिक्षकांना सुट्टी असते, लिपिकाला नसते. तुम्ही शाळेत, आजी दुपारी आडव्या, बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. ती पोर म्हणते ते साधं खरं आहे.

पहिल्या 'बोर होतंय'ला लगेच मोबाइल देऊ नका आणि लगेच कामाची यादीही देऊ नका. थोडा वेळ तसाच जाऊ द्या. मग विचारा, काय करावंसं वाटतंय? उत्तर लगेच येणार नाही. नणंदेकडच्या कापडाच्या चिंध्या, सुई-दोरा, जुन्या लग्नपत्रिका, डिंक एका डब्यात घालून तिच्या हाताला येईल असं ठेवा. संध्याकाळी ऊन उतरलं की शेजारच्या पोरींना बोलवायचं कामही तिचंच. आजीला कापसाचे दिवस विचारायचे आहेत ना, ते तिला सोबत बसवून विचारा.

भाचीवर रागावू नका, ती शिकतेय. तिला एवढंच सांगा की प्रोजेक्टसाठी कुणाकडूनही प्रश्नावली भरून घेतली तर बेरीज सांगून उठू नये. भरणाऱ्याला ती कशासाठी होती, तिच्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, हे बसून सांगावं, आणि मन दुखावलं तर कुठे जायचं तेही. तिच्या मार्गदर्शकांनाही हे विचारायला सांगा. आणि तुमचा भरलेला कागद मागाल तेव्हा तिलाच समोर बसवा. आठही वाक्यं दोघींनी मिळून वाचा.